कोऱ्या पाण्याची बाटली

माझ्या माडीवरच्या खोलीत हा माणूस नऊ वर्षं राहिला आणि एक वेळ सोडली तर त्याने माझ्याशी कधी घासाघीस केली नाही. त्याच्यावरचा माझा पहिला राग तो. खोली बघायला आला तेव्हा मी भाडं मुद्दाम दीडपट सांगितलं. तो अर्धं म्हणेल, मी कपाळाला हात लावीन, तो जिन्यापर्यंत जाईल, मी हाक मारीन आणि मधे कुठेतरी आमचं जमेल, असा माझा हिशेब. जगाची रीतच तशी आहे. हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "सरी." म्हणजे, बरं, ठीक. आणि पैसे काढून माझ्या हातात ठेवले. मला फसवल्यासारखं वाटलं.

मी तंजावूरची. आमच्यासारख्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण मराठी वाचणारं माणूस शोधावं लागतं. मीही चाळिशी उलटून गेली तरी वाचत नव्हते. अकरा वर्षांची असताना डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायचे, जुनं पितळ द्या, नवं भांडं घ्या. नवरा लवकर गेला. आज बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे, वर माडी आहे, आणि यातली एक वीटही मला कुणी फुकट दिलेली नाही. सगळं भाव पाडून उभं केलं. म्हणून भाव न करणारा माणूस दिसला की मला त्याचा संशय येतो.

त्याचं सामान आलं तेव्हा कपड्यांची एक पेटी आणि बाटल्यांची अकरा खोकी. कुठल्याशा कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याने सगळी हयात पाणी तपासण्यात घालवली होती. बायको गेलेली, मुलगी कोइमतूरला. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, हा कालव्यांवर जायचा. कावेरीच्या फाट्यांतून, ओढ्यांतून, गावोगावच्या पंपांतून बाटल्या भरून आणायचा आणि माझ्या माडीवर बसून त्या पाण्यात काय विरघळलं आहे ते शोधायचा. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. गल्लीतली पोरं त्याला 'तण्णी सार' म्हणायची, पाण्याचे सर. मी मामा म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला कॉफी दिली. मी पाजते ती कॉफी पाणी न घातलेल्या दुधाची असते, आणि मी ती सहसा कुणाला देत नाही. त्याने दवऱ्यातून, म्हणजे कॉफी गार करायच्या वाटीतून, टंबलरमध्ये थोडी ओतली, गोल फिरवली आणि मोरीत टाकली. परत थोडी ओतली, फिरवली, टाकली. तिसऱ्यांदाही.

"अय्यो, मामा! ही माझी कॉफी आहे, मोरी धुवायचं पाणी नाही!"

"बाई, भांडं ज्याने भरायचं त्यानेच तीनदा विसळायचं. नाहीतर आधीचं काहीतरी राहतं."

"आधीचं काय राहणार? मी घासलेलं भांडं आहे ते."

"तेच तर. तुमची राखही राहते," असं म्हणून तो उरलेली घोटभर कॉफी शांतपणे प्यायला.

त्याचं दुसरं वेड म्हणजे कोरं पाणी. वाफ थंड करून काढलेलं अगदी शुद्ध पाणी तो एका बाटलीत भरायचा आणि बाकीच्या रिकाम्या बाटल्यांबरोबर तीही गावाला न्यायचा. कालव्यावर पोचला की तिचं झाकण उघडायचा, बाकीच्या भरेपर्यंत उघडी ठेवायचा, बंद करायचा आणि परत आणायचा. मग बाकीच्यांसारखीच तीही तपासायचा. मी एकदा विचारलं, यात काही नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मग तपासता कशाला? तो म्हणाला, "त्यात काही सापडलं तर ते कालव्याचं नाही, माझं. माझ्या हाताचं, बाटलीचं, औषधाचं. आधी स्वतःला मोजायचं, मग दुसऱ्याला."

पापनाशमच्या बसमध्ये एकदा गर्दी होती आणि बाटल्यांची पेटी सीटवर. कंडक्टर म्हणाला, "सार, या पेटीला तिकीट काढा." मामांनी खरोखर काढलं. मी बहिणीकडे निघाले होते, त्याच्या शेजारी बसले होते, मला लाज वाटली. कंडक्टरला गंमत वाटली. म्हणाला, "आत काय आहे एवढं?"

"पाच रिकाम्या, एक कोरी."

"म्हणजे सगळ्याच रिकाम्या?"

"नाही," मामा म्हणाले आणि थांब्यापर्यंत त्याला फरक समजावत राहिले. त्या दिवसानंतर तो कंडक्टर आम्हाला बघून दुसऱ्या दाराने चढायचा.

तोही आमच्यासारखाच मराठी घरातला, पण लिहिता येणारा, आणि बाटल्यांवरची लेबलं तो मराठीत लिहायचा. शिशासारखे धातू मोजायचं मोठं यंत्र इथल्या एका कॉलेजात होतं आणि ते प्रयोगशाळेत त्याच्या हाताखाली शिकलेली एक विद्यार्थिनी चालवायची. तिला मराठी अक्षर येत नव्हतं. कोणती बाटली कुठली हे तिला कळू नये, म्हणजे आकडा तिच्या मनाचा न येता पाण्याचा येईल, हा त्याचा हेतू. जिन्यात ठेवलेल्या त्या बाटल्यांवरून मी अक्षरं शिकले. मी विचारायचे, तो सांगायचा. पहिला शब्द मी वाचला तो 'कोरे'. मग 'पूल', 'पंप', 'वर', 'खाली'. पंचेचाळिसाव्या वर्षी मला आमची भाषा बाटलीवर सापडली. हे उपकार मी मानते. पुढचं मानत नाही.

आता माझ्या धंद्याचं सांगते. आमच्याकडे रसम करायला कथलाचा चोंबू लागतो. पांढरट, मऊ, हाताने ठोकलेला. त्यातल्या रसमाची चव पोलादाच्या भांड्यात येत नाही. लग्नात मुलीला देतात. एकच पथ्य, रिकामा चोंबू चुलीवर ठेवायचा नाही, वितळतो. आधी पाणी, मग विस्तव. माझ्या दुकानाचं नाव या चोंबूवर चालायचं. शुद्ध कथील म्हणजे माझ्या लेखी जगातलं सगळ्यात स्वच्छ भांडं.

माझी धाकटी बहीण पापनाशमच्या अलीकडे एका गावात दिली आहे. घर कालव्याला लागून, दारात गावचा पंप. दोन पोरं, थोडं भातशेत, एक गाय. त्या गावाच्या वरच्या अंगाला एकाने पत्र्याची शेड घातली आणि जुन्या बॅटऱ्या फोडायला सुरुवात केली. बॅटरीत शिसं असतं. धुतलेलं पाणी कालव्यात. काही महिन्यांनी बहिणीची गाय आंधळी झाली, गोल गोल फिरायला लागली आणि मेली. बहीण फोनवर रडत म्हणाली, "अक्का, पोरं तेच पाणी पितात ग. मी काय करू?"

मामा तेव्हा मुलीकडे कोइमतूरला गेले होते. थांबायचा माझा स्वभाव नाही. त्यांच्या बाटल्या जिन्यात होत्या, पण त्या प्लास्टिकच्या. प्लास्टिकवर माझा विश्वास नाही. मी दुकानातले तीन नवे कोरे चोंबू घेतले, घासले, पुसले, फडक्यात बांधले आणि बस पकडली. शेडच्या वरच्या अंगाचं पाणी एकात, खालच्या अंगाचं दुसऱ्यात, पंपाचं तिसऱ्यात. बहिणीने जेवल्याशिवाय सोडलं नाही, बसही उशिरा आली. संध्याकाळी घरी आल्यावर ते पाणी मामांच्या बाटल्यांत ओतलं आणि माझ्या वाकड्या अक्षरात लेबलं लावली. मामा दुसऱ्या दिवशी आले. चोंबूंचं मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

शिसं शोधायचं त्यांचं एक हिरवं औषध होतं. काचेच्या नळीत पाणी आणि ते औषध घालून हलवायचं. शिसं असलं की हिरवा रंग लालकडे वळतो, जितकं जास्त तितका लाल. माझ्या तिन्ही नळ्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या झाल्या.

मी थेट शेडवर गेले. मालकाला त्याच्या माणसांदेखत जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. बहिणीला सांगितलं, पंपाला हात लावू नको. संध्याकाळी विजयी होऊन घरी आले तर मामा जिन्याच्या पायरीवर बसलेले, समोर माझे तीन चोंबू. तळाला कालव्याचा गाळ वाळला होता.

"बाई, शेडच्या वरच्या अंगाचं पाणीही तेवढंच लाल आलं. शिसं उलटं वाहतं का?"

"मग?"

"पाणी कशातून आणलंत?"

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन त्यांनी नवा चोंबू मागितला. मी सांगितलेला पूर्ण भाव देऊन घेतला. त्यात कोरं पाणी भरून संध्याकाळपर्यंत ठेवलं. संध्याकाळी मला वर बोलावलं आणि माझ्यासमोर नळी हलवली.

लाल.

मी म्हणाले तुमचं औषध नासलं आहे. त्यांनी बाटलीतलं कोरं पाणी घालून दुसरी नळी हलवली. हिरवीगार. मी म्हणाले तुम्हाला माझ्या धंद्याचा मत्सर आहे. ते म्हणाले, "मला रसम आवडतं, बाई. मीही तुमच्याच चोंबूतलं खातो."

तशीच उठून मी कुंभकोणची बस पकडली. तिकडे माझे चोंबू ओतणारा आणि ठोकणारा कारागीर होता. त्याच्या भट्टीपुढे उभी राहून मी ओरडले. तो म्हातारा हातातली हातोडी खाली न ठेवता म्हणाला, "अक्का, सहा वर्षं दर वर्षी तुम्ही भाव पाडलात. मी पोदुम म्हणालो, पुरे म्हणालो, तुम्ही दुसऱ्या भट्टीकडे जाते म्हणालात. कथील कुठून पुरणार? शिसं स्वस्त असतं."

मी पाठ फिरवली आणि परतीची बस धरली.

बहिणीकडे गेले आणि तिच्या लग्नात दिलेला चोंबू मागून आणला. तो भाव पाडायच्या आधीचा होता. मामांनी तपासला. हिरवा. मी त्यांच्या खोलीतल्या स्टुलावर बसून रडले. पोरं त्यातलं रसम खात होती. मामांनी मला पाणी दिलं, टंबलर तीनदा विसळून.

पण रडणं वेगळं आणि धंदा वेगळा. शेडची तक्रार पुढे जाणार, मामा प्रत्येक तपासणी जिच्यात लिहायचे ती वही कुणीतरी मागणार आणि माझ्या चोंबूचं पान बाहेर येणार, हे मला दिसत होतं. मी वर गेले.

"मामा, ते पान फाडा."

"कोणतं?"

"तुम्हाला ठाऊक आहे कोणतं."

"वहीची पानं मोजलेली असतात, बाई. एक फाटलं की बाकीची खोटी होतात."

"भाडं अर्धं करते."

"नको."

"भाडं घेतच नाही!"

"बाई, आकडा विकायला नाही."

मी म्हणाले, मग महिनाअखेर खोली रिकामी करा. ते म्हणाले, "सरी." आणि खरोखर बाटल्या खोक्यात भरायला लागले. एवढ्या मोठ्या गोष्टीवरही हा माणूस घासाघीस करीना.

त्या महिन्यात मी जे केलं ते रागाने केलं, चांगुलपणाने नाही. दुकानाबाहेर पाटी लावली की गेल्या सहा वर्षांत घेतलेला चोंबू परत आणा, बदलून मिळेल. बायका आल्या. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी भांडं माझ्या पायाशी टाकलं. मी ते ढीगभर चोंबू चुलीवर रिकामे ठेवून एकेक वितळवले, म्हणजे कुणी पुन्हा विकू नये. आमच्या धंद्यात जे करायचं नाही ते करत दिवसभर बसले. मामा खोकी भरता भरता गॅलरीतून बघत होते. शेवटी म्हणाले, "धुरापासून लांब बसा." तेवढंच.

बहिणीच्या गावी पाणी पुन्हा घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा बोलत नव्हतो. बसमध्ये वेगळ्या सीटवर बसलो. आम्लाने धुतलेल्या बाटल्या, प्रत्येक त्याच पाण्याने तीनदा विसळलेली. मामा गुडघाभर पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे, म्हणजे त्यांच्या पायाने उठलेला गाळ मागे वाहून जाईल. मला काठावर कोऱ्या पाण्याची बाटली उघडी धरून उभं केलं. मी धरली. पाण्यात काही मिसळत नाही हे सिद्ध करायला एक बाई उन्हात बाटली धरून उभी. गावातली माणसं हसत होती. पण या वेळी शेडच्या वरची नळी हिरवी राहिली, पंपाची किंचित मळकी झाली, आणि खालची लाल झाली. कोरी हिरवी. कॉलेजच्या यंत्रानेही तोच क्रम सांगितला.

गावच्या पंचायतीच्या हॉलात सभा झाली. प्रदूषण खात्याची एक तरुण अधिकारी बाई आली होती. शेडचा मालक उठला. माझ्या पाटीची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती.

"ही अक्का! हिच्या चोंबूतच शिसं निघालं, साऱ्या तंजावूरला ठाऊक आहे. आणि हा सार हिचाच भाडेकरू. पाणी हिने आणलं, तपासलं याने. शिसं माझं की शिशाच्या अक्काचं?"

हॉल हसला. शिशाची अक्का. मी उठलेच होते, बहिणीने पदर धरला. मामा माझ्याआधी पुढे गेले आणि वही अधिकारी बाईंच्या टेबलावर उघडून ठेवली. नेमकं ते पान. सगळ्यांसमोर तमिळमध्ये वाचून दाखवलं. रसम चोंबू, घरमालकिणीच्या दुकानातला, आत कोरं पाणी, सकाळ ते संध्याकाळ, लाल.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "पहिल्या तिन्ही बाटल्या मी रद्द केल्या. हे पुढचं पान. नव्या बाटल्या, आणि ही त्यांच्याबरोबर प्रवास करून आलेली कोरी."

अधिकारी बाईंनी वही पुढे ओढली. "तुम्ही कोरी बाटली कालव्यावर नेली होती? उघडली होती?"

"बाईंनी धरली होती," मामांनी माझ्याकडे बोट केलं.

त्या अधिकारी बाईंनी बराच वेळ दोन्ही पानं वाचली. मग मालकाला म्हणाल्या, "जो माणूस स्वतःच्या घरमालकिणीचं शिसं वहीत लिहितो, तो तुमच्याविरुद्ध खोटं कशाला लिहील? आम्ही आमचे नमुने आजच घेतो."

त्यांच्याही बाटल्यांनी तेच सांगितलं. शेडला कुलूप लागलं. पंपाचा दांडा काढला, गावाच्या दुसऱ्या टोकाला खोल बोअर मारली. डॉक्टरांनी पोरांना तपासलं आणि बहिणीच्या दोघांना काही झालेलं नाही म्हणाले. हे सगळं त्या पानामुळे झालं हे मला कळतं. फाडलं असतं तर मालक जिंकला असता. तरी त्या गावात मी अजून शिशाची अक्का आहे, आणि हे नाव मला त्या माणसाने भर सभेत मोठ्याने वाचून पक्कं करून दिलं. ते मी विसरलेले नाही.

महिनाअखेर आली. अकरा खोकी जिन्यात रचलेली. मी खाली उभी राहून म्हणाले, "भाडं पूर्वीचंच. पण बाटल्या जिन्यात ठेवायच्या नाहीत."

मामांनी खोक्यावरून मान वर केली. "दोन पायऱ्या द्या."

मी ऐकतच राहिले. "एक."

"दोन. कडेच्या."

"एक, आणि वहीत लिहायचं की मी सगळे चोंबू वितळवले."

"वितळवलेलं मी मोजलं नाही. नवा चोंबू आणा, तो तपासून लिहीन. आणि दीड पायरी."

दीड पायरी ठरली. मी कारागिराला त्याने मागितलेला भाव दिला. दात ओठ खाऊन दिला. त्याचा पहिला नवा चोंबू वर नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी वही उघडून मी स्वतः वाचलं, अक्षर लावून लावून. चोंबू, नवा. हिरवं. घरमालकीण हा शब्द त्या ओळीत नव्हता. चांगलं निघालं तेव्हा माझा उल्लेख नाही. हाही राग आहेच.

गेल्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले. हिरवा आणि लाल यांच्या मधला रंग दिसेना, तसे ते मुलीकडे गेले. नळ्या, औषध आणि वही माझ्याकडे सोडून. ते सामान मी कोइमतूरला पाठवायला निघाले तर म्हणाले, इथे कालवा नाही. मग दर महिन्याला मी जाते. कॉलेजातल्या त्या विद्यार्थिनीने मला औषध मोजायला शिकवलं. कंडक्टर अजून तोच आहे, पेटी बघून म्हणतो, "अक्का, कोरीचं तिकीट?" मी म्हणते, आधी सीट दाखव.

काल शेडच्या खालच्या अंगाची नळी आणि कोऱ्या पाण्याची नळी मी हलवून खिडकीत ठेवल्या. मधे खाली गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी भांडून परत आले, आणि कोणती कुठली ते आठवेना. दोन्ही हिरव्या. उजेडात धरल्या, पांढऱ्या कागदावर धरल्या. शेवटी लेबल वाचावं लागलं. 'कोरे' डावीकडची होती.

मामांना फोन केला.

"खालचं पाणी आणि कोरं, दोन्ही सारखी, मामा. ओळखता येत नाहीत."

त्यांनी विचारलं, "हे लेबल बघायच्या आधी ठरवलंत की नंतर?"

"आधी."

"गाळ?"

"कालव्याच्या तळच्या गाळाची नळी अजून लाल आहे. पण मागच्या खेपेपेक्षा फिकी."

"वहीत लिहिलंत?"

"लिहिलं. तीनदा विसळून," मी चिडून म्हणाले.

"सरी," ते म्हणाले.

एवढ्या वर्षांनी कालवा निवळला, आणि हा माणूस सरी म्हणतो. खोलीचं भाडं ऐकून म्हणाला होता, अगदी तसंच. मी फोन आपटला, पेन घेतलं आणि पुढच्या महिन्याची लेबलं लिहायला बसले. पहिलं 'कोरे'.